माशांच्या टाकीच्या भोकाशी पाणी झिरपतंय? पान्याला हात लावण्याआधी हे बघा

लक्षणं

स्टँडचं दार उघडलं की आतल्या प्लायवर ओला डाग दिसतो. पुसला तरी दुसऱ्या दिवशी तिथेच. बल्कहेडच्या (भोकातून पाइप आरपार नेणारा, एका बाजूला रुंद डोकं आणि दुसऱ्या बाजूला नट असलेला प्लॅस्टिकचा जोड) नटाखाली एक थेंब लोंबत असतो, पाच-दहा मिनिटांनी पडतो, पुन्हा भरतो. टाकीत बोअरचं पाणी असेल तर नटाखाली काचेवर क्षाराचा पांढरा ओघळ उमटतो; समुद्री टाकी असेल तर मिठाची खरखरीत खपली धरते. काही टाक्या पंप चालू असतानाच गळतात. काही बसवल्या दिवसापासून, तर काही वर्षभर कोरड्या राहून अचानक. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे भोकाच्या कडेपासून निघालेली केसासारखी रेघ, जी काल तिथे नव्हती.

ही रेघ दिसत असेल तर मधलं काही वाचत बसू नका. पंप आणि हीटर बंद करा, नळी लावून पाणी भोकाच्या खाली आणा, मासे त्याच पाण्यासह टबात काढून त्यात हवेचा दगड (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडा, आणि मग शेवटचा भाग वाचा.

बाकीच्या लक्षणांना उपाय आहे आणि बहुतेक वेळा तो घरच्या घरी होतो. स्वतःच्या, भावाच्या आणि ओळखीच्यांच्या टाक्यांवर मी हे काम इतक्यांदा केलंय की आता एक गोष्ट ठामपणे सांगू शकते: नट ढिला पडला म्हणून गळतंय असं क्वचितच निघतं. दोष बहुतेकदा भोक पाडलं त्या दिवशीच काचेत तयार झालेला असतो, नाहीतर गॅस्केट, म्हणजे बल्कहेड आणि काच यांच्यामधली रबरी चकती, बसवताना. तरी थेंब दिसला की माणूस आधी पाना शोधतो, आणि ज्या टाकीचं काम शंभर रुपयांच्या वॉशरवर भागलं असतं तिची काच तडकते. म्हणून खालचा क्रम पाळा. सोपं आणि फुकटचं आधी, काच बदलणं शेवटी.

एक खबरदारी मात्र सगळ्याच्या आधी. स्टँडच्या आत विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो आत्ताच्या आत्ता बाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच लावा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांच्या पुढे पाणी होतं. ते वायरीवरून ओघळत सॉकेटपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

१. पाणी खरंच भोकातून येतंय का?

फुकटची तपासणी, पण हीच सगळे वगळतात. टाकीच्या वरच्या कडेवरून उडालेलं पाणी, झाकणावरून परतणारे थेंब, किंवा सिलिकॉनच्या उभ्या सांध्यातून येणारा बारीक पाझर, हे सगळं ओघळत खाली येतं आणि वाटेत जे पहिलं बाहेर आलेलं असेल त्यावर थांबतं. ते म्हणजे नेमका तुमच्या बल्कहेडचा नट. दोष वरच्या सांध्याचा, नाव मात्र नटाचं.

चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) लावलेल्या समुद्री टाकीत आणखी एक भास होतो. टाकी २५ अंशांवर आणि बाहेर पावसाळ्याच्या तोंडावरची कोकणातली हवा असेल तर पाइपांना चक्क घाम येतो. थंड लोट्याला बाहेरून येतो तसाच. तो पुसत राहिलात तर गळती कधीच सापडणार नाही, कारण ती नाहीच.

नट, पाइप आणि आजूबाजूची काच कोरड्या फडक्याने पुसा, पाच मिनिटं पंख्याखाली वाळू द्या. मग नटाभोवती काचेवर टिश्यू पेपरची पट्टी गोल गुंडाळा आणि त्याच्या चार-पाच इंच वर काचेवर दुसरी पट्टी आडवी चिकटवा. अर्ध्या तासाने बघा. वरची पट्टी आधी भिजली तर पाणी वरून येतंय. खालचीच भिजली तर पुढे चला. दोन्ही सारख्याच दमट, पण थेंब कुठेच नाही, तर तो घाम आहे.

२. तीन वाटांपैकी कोणती?

बल्कहेडपाशी पाण्याला बाहेर यायला तीनच वाटा असतात. एक, गॅस्केट आणि काच यांच्यामधून. दोन, पाइप बल्कहेडमध्ये जिथे घुसतो त्या जोडातून. तीन, बल्कहेडचं प्लॅस्टिकच चिरलेलं असेल तर तिथून. कोरड्या फडक्याने पुसून खडूची भुकटी लावा आणि टॉर्च धरून बघत बसा. भुकटी भिजते तिथे रंग लगेच गडद होतो. नट आणि काच यांच्या फटीत पहिला ओला ठिपका आला तर पहिली वाट. पाइपाच्या गळ्याशी आला तर दुसरी.

दुसरी वाट निघाली तर आनंद माना. टाकी उतरवायची गरज नाही, काचेला हात लावायची गरज नाही. आट्यांचा जोड असेल तर पाणी बंद करून तो उघडा, जुनी टेफ्लॉन टेप ब्रशने पूर्ण काढा आणि नवी चार-पाच वेढे लावा. टेप आटे पिळण्याच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर पिळताना ती गोळा होऊन बाहेर येते. चिकटवलेला यूपीव्हीसीचा जोड असेल तर त्याच्यावर बाहेरून सोल्यूशन फासून काही होत नाही. सोल्यूशन दोन कोरडे पृष्ठभाग वितळवून एकजीव करतं, ओल्या फटीत ते शिरतच नाही. जोड कापून नवा करा. इथेच एक युनियन (पिळून उघडता येणारा जोड) घालून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी करवत लागणार नाही.

टेफ्लॉन टेप बल्कहेडच्या मोठ्या नटाच्या आट्यांवर मात्र लावू नका. त्या आट्यांचं काम पाणी अडवणं नाही, गॅस्केट दाबून धरणं आहे. टेपमुळे नट वाकडा चढतो आणि घट्ट लागल्याचा खोटा भास होतो.

३. पाइपाचं ओझं

हेही बाहेरूनच बघता येतं. बल्कहेडपासून संपपर्यंतचा (स्टँडमधल्या खालच्या टाकीपर्यंतचा) पाइप हाताने किंचित उचला. उचलल्यावर थेंब थांबला तर गॅस्केट निर्दोष आहे. पाण्याने भरलेला पाइप आणि व्हॉल्व्ह नुसते बल्कहेडवर लटकलेत, आणि त्यांच्या वजनाने गॅस्केट एका बाजूने उघडतंय. संपमधलं पाणी वर परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाची थरथर कडक पाइपातून काचेपर्यंत पोचते तेव्हाही असंच होतं. वर्षभर कोरडी राहून अचानक गळायला लागलेल्या टाक्यांत मी हे आधी बघते.

उपाय स्वस्त आहे. पाइप स्टँडला क्लॅम्पने बांधा, म्हणजे वजन लाकडावर जाईल. पंप आणि कडक पाइप यांच्यात वीतभर लवचीक नळी घाला. पाइप ओढून-ताणून भोकासमोर आणून बसवला असेल तर तो कापून नीट लांबीचा करा. काच दाब सहन करते, पिळवटणं नाही.

४. नट, आणि थोडं गणित

आता नटाकडे येऊ. तीन बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावतं. आकडा मोठा वाटतो, म्हणून लोक नट जिवाच्या आकांताने आवळतात. पण भोकावर येणारा दाब लिटरांवर ठरत नाही, वर किती उंच पाणी उभं आहे यावर ठरतो. भोक पाण्याखाली ३८ सेंटिमीटर असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर ३८ ग्रॅम. ४५ मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे बल्कहेडला बाहेर ढकलणारा जोर जेमतेम सहाशे ग्रॅम. तेवढ्याला पान्याची गरज नसते.

नट हाताने लागेल तेवढा लावा. त्यानंतर फार तर पाव वेढा. आवळताना आतल्या बाजूने बल्कहेडचं डोकं दुसऱ्या हाताने धरून ठेवा, ते फिरलं की गॅस्केट मुरडतं. आणि आवळण्याआधी दिशा तपासा. काही बल्कहेडच्या नटाचे आटे उलटे असतात. सवयीने उजवीकडे फिरवत राहिलात तर तुम्ही नट सोडवत असता.

पाव वेढ्यानंतर गळती कमी झाली, पण थांबली नाही, तर तिथेच हात आवरा. आणखी पाव वेढा, आणखी पाव वेढा असं करत गेलेली काच मी पाहिलीय. कोथरूडच्या एका घरी संध्याकाळी नट आवळला आणि रात्री दोन वाजता सगळी बैठकीची खोली ओली. नट काचेवर सगळीकडून सारखा टेकत नव्हता, सगळा जोर एका कपचीच्या टोकावर एकवटला होता. मासे वाचले, कारण भोक मागच्या काचेत वरच्या बाजूला होतं.

५. उघडून बघा: गॅस्केट कुठल्या बाजूला आहे?

इथपर्यंत सुटलं नसेल तर पाणी भोकाच्या दोन इंच खाली आणून बल्कहेड काढायचं. भोक तळाला असेल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. पाणी माशांसाठी चांगलं ठेवणारे बॅक्टेरिया जगायचे असतील तर फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिक टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवा, नळाखाली धुऊ नका.

गॅस्केट बल्कहेडच्या डोक्याच्या बाजूला हवं, म्हणजे नेहमीच्या मांडणीत टाकीच्या आत. बाहेरच्या नटाखाली रबर लावलेलं असंख्य वेळा सापडतं. बघायला ते बरोबर वाटतं, कारण गळती बाहेर दिसते. पण डोक्याखाली रबर नसेल तर पाणी डोक्यामागून भोकात शिरतं, तिथून आट्यांच्या नागमोडी खोबणीत, आणि आट्यांवरून फिरत फिरत नटाच्या बाहेर येतं. नटाखालच्या रबराला ती खोबण अडवताच येत नाही.

रबर योग्य बाजूला असेल तर त्याच्यावरून आणि काचेवरून बोट फिरवा. वाळूचा एक कण, जुन्या सिलिकॉनचा पापुद्रा, काच कापल्यावर राहिलेली पांढरी भुकटी, यातलं काहीही पुरतं. काच ब्लेडने खरवडून अॅसिटोनने पुसा. प्लॅस्टिकला आणि रबराला अॅसिटोन लावू नका. रबर कडक झालं असेल किंवा त्यावर नटाचा कायमचा वळ उठला असेल तर नवं घ्या. पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत जुना तुकडा घेऊन गेलं की त्याच मापाचं मिळतं.

गॅस्केटवर जादा सुरक्षितता म्हणून सिलिकॉन लावू नका. ओल्या सिलिकॉनवर रबर घसरतं आणि आवळताना एका बाजूने बाहेर निसटतं. शिवाय पुढच्या वेळी ते सगळं खरवडावं लागतं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. गळत्या नटावर बाहेरून इपॉक्सी मळून थापणंही सोडा. पाणी आतून ढकलतंय, तुम्ही बाहेरून लेप देताय. काही दिवसांत तो लेप नटासकट सुटतो आणि मग बल्कहेड कापून काढावं लागतं.

६. भोक बघा

गॅस्केट ठीक, काच स्वच्छ, तरीही गळतंय. आता भोकाच्या कडेचा नीट अभ्यास करायचा. मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरा. कपची शिंपल्यासारखी खोलगट दिसते आणि तिला शेवट असतो. तडा रेघेसारखा चमकतो आणि काचेच्या आत शिरत जातो. नखाला तडा लागतोच असं नाही, म्हणून प्रकाशावर भरवसा ठेवा.

कपची असेल तर गॅस्केट काचेवर ठेवून पेन्सिलीने त्याची बाहेरची कड काढा. कपची संपल्यानंतर या रेघेपर्यंत सगळीकडे निदान पाच मिलिमीटर सपाट काच उरत असेल तर चालेल. त्यापेक्षा कमी असेल तर जास्त रुंद डोक्याचं बल्कहेड शोधा. कपची फक्त आतल्या बाजूला असेल आणि बाहेरची कड स्वच्छ असेल तर आणखी एक वाट आहे: बल्कहेड उलटं बसवा, डोकं आणि गॅस्केट बाहेर, नट आत. पाणी भोकापर्यंत येईल, पण बाहेरच्या गॅस्केटपाशी अडेल. फक्त पाइप दोन्ही बाजूंनी जोडता येईल असं बल्कहेड हवं.

भोक मापापेक्षा मोठं झालं असेल तर डोकं एका बाजूला सरकून रबर भोकात डोकावतं. बल्कहेड भोकाच्या बरोबर मध्ये धरून लावलं तर काही वेळा निभावतं. नाही निभावलं तर ते भोक बंद करा: तेवढ्याच जाडीच्या काचेचा, सगळ्या बाजूंनी दोन-दोन इंच मोठा तुकडा आतून अॅक्वेरियमच्या सिलिकॉनने चिकटवा. बुरशीरोधक सिलिकॉन बाथरूमसाठी असतं, माशांना ते विषारी आहे.

७. नवं भोक पाडायचंच असेल तर

सगळ्यात अवघड आणि परतीची वाट नसलेली पायरी. पण गळतीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असल्यामुळे यावर जरा रेंगाळते.

पहिला प्रश्न, काच टफन (तापवून कडक केलेली) आहे का? टफन काचेला भोक पडत नाही. बिट (काच कापणारा, हिऱ्याचे कण लावलेला गोल दाता) आत शिरताच सगळी काच खड्यांसारखी विखुरते. बाजारातल्या तयार टाक्यांचा तळ कधी कधी टफन असतो, बाजू साध्या असतात. लॅपटॉपचा पांढरा पडदा काचेच्या एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल लावून, मान तिरकी करत बघा. काचेत काळसर पट्टे किंवा डागांची नक्षी दिसली तर टफन. शंका राहिली तरी टफनच समजा.

मग जागा. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर ठेवा, दोन भोकांमध्येही तेवढंच. बिट विकत घेण्याआधी बल्कहेड हातात हवं. एकाच नावाच्या मापात कंपनीगणिक दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे आट्यांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि त्याच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठा बिट घ्या. माझं मत विचाराल तर भोक तळाला पाडूच नका, मागच्या काचेत वर पाडा. गळालं तरी भोकाच्या पातळीपर्यंतचंच पाणी जाईल.

कुठल्या बाजूने सुरुवात करायची हे फार कमी जण विचारतात. कपच्या बिट जिथून बाहेर पडतो तिथे उडतात. बाहेरून आत भोक पाडलं तर त्या आत उडतात, नेमक्या गॅस्केट बसायच्या जागी. म्हणून काच सुटी असताना, गॅस्केट ज्या बाजूला बसणार त्या बाजूने सुरुवात करा. टाकी जोडलेली असेल आणि मशीन आत मावत नसेल तर बिट बाहेर पडणार त्या बाजूला काचेचा दुसरा तुकडा घट्ट चिकटवून त्यालाही थोडं कापू द्या. कपच्या त्याच्यात जातात.

मशीनचा हॅमर मोड बंद. हे दोनदा तपासा, एका ठोक्यात काच जाते. ४५ मिलिमीटरच्या बिटला मिनिटाला ४०० ते ६०० फेरे पुरतात. घरचं ड्रिल मशीन पूर्ण वेगात याच्या कितीतरी पट जोरात फिरतं, म्हणून ट्रिगर हलका धरा. शक्यतो बॅटरीचं मशीन वापरा. वायरीचं असेल तर आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरच चालवा, कारण आजूबाजूला पाणी असणार. डोळ्यांना गॉगल.

काच आडवी ठेवा, खाली सपाट थर्माकोल. खुणेभोवती कणकेचं आळं करा आणि त्यात पाणी भरा. पाणी बिट गार ठेवतं आणि काचेची भुकटी उचलून बाहेर काढतं. पाणी पांढरं दाट झालं की बदलायचं. बिट सुरुवातीला घसरतो, म्हणून प्लायच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडून तो काचेवर क्लॅम्प करा.

मग धीर. मशीनच्या स्वतःच्या वजनाइतकाच भार द्या. आठ-दहा मिलिमीटर काचेला पाच ते दहा मिनिटं लागतात. दर अर्ध्या मिनिटाने बिट किंचित वर उचला, म्हणजे पाणी खाली शिरेल. आवाज खरखरीत आणि एकसारखा हवा. तो किंचाळल्यासारखा झाला तर पाणी पोचत नाहीये किंवा बिटवरचे हिऱ्याचे कण झिजलेत. झिजलेला बिट दाबून चालवणं हेच कपच्यांचं आणि तड्यांचं मुख्य कारण आहे. शेवटचा एक-दीड मिलिमीटर उरला की आवाज पोकळ होतो. तिथे भार जवळजवळ शून्यावर आणा. बिटला आपणहून बाहेर पडू द्या.

इथे थांबा, काचवाल्याला बोलवा

भोकापासून तडा निघालेला असेल तर. तड्यावर सिलिकॉन भरू नका, टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवायचा प्रयत्न करू नका. भोकाच्या कडेला ताण एकवटलेला असतोच, पाणी भरल्या दिवशी नाही तर महिन्याने तो पुढे सरकेल. ती काच बदलणं एवढाच उपाय.

काच टफन असेल तर. ती टफन होण्याआधीच कारखान्यात भोक पाडून घ्यावं लागतं. टाकी चार फुटांपेक्षा मोठी किंवा काच बारा मिलिमीटर आणि त्याहून जाड असेल आणि तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर. भोक उभ्या सांध्याच्या किंवा कडेच्या अगदी जवळ पडलेलं असेल तर. पाणी स्विचबोर्डपर्यंत गेलं असेल तर आधी मेन स्विच बंद आणि आधी वायरमन, काचवाला नंतर. काचवाला निवडताना त्याला विचारा की भोक पाण्यात पाडतोस की कोरडं. कोरडं म्हणाला तर दुसरा शोधा.

सगळं पुन्हा बसवल्यावर सोल्यूशन आणि सिलिकॉन लावलं असेल तर एक दिवस वाळू द्या. मग खाली वर्तमानपत्र पसरून पाणी भोकाच्या थोडं वरपर्यंतच भरा आणि तासभर बघा. कोरडं राहिलं तर पूर्ण भरा, पंप चालू करा, आणि चोवीस तासांनी त्या कागदावर हात फिरवून बघा. मासे त्यानंतरच परत सोडा.